चाकाचा ऑफसेट (खाली घेतलेल्या मोटारीसाठी)

चाकाचा ऑफसेट : चाकाचा जो पृष्ठभाग हबवर (आसाच्या टोकाशी असलेल्या, चाक बसवण्याच्या भागावर) टेकतो तो आणि रिमच्या रुंदीची मध्यरेषा यांमधील अंतर, हे मिमी.मध्ये मोजतात. टेकण्याचा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेर, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूस असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूस असेल तर ऋण आणि दोन्ही एकाच प्रतलात असतील तर शून्य मानतात. धन आकडा जितका मोठा तितके चाक त्याच्यावरच्या पत्र्याच्या कमानीत आत जाते. पुढच्या चाकांना ओढ असणाऱ्या बहुतेक लहान मोटारींना कारखान्यातून साधारण ३५ ते ५० मिमी. धन ऑफसेटची चाके येतात. मोटार मूळ उंचीवर असताना पाचदहा मिमी.ची चूक बहुधा खपून जाते. स्प्रिंगा बदलून ती खाली घेतली, की तीच चूक टायरच्या कडेवर वर्तुळाकार कापासारखी उमटते.

चाकावर ऑफसेटच्या आकड्याआधी कोरलेल्या ‘ईटी’ या अक्षरांचा उगम जर्मन ‘आइनप्रेसटीफे’ या शब्दात आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘दाबून बसवण्याची खोली’. पोलादी चाकात मधली तबकडी आणि बाहेरचे कडे वेगवेगळे घडवून तबकडी कड्यात दाबून बसवतात व मग वेल्ड करतात. ती किती खोल बसवली यावरून हा शब्द आला, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. ओतीव मिश्रधातूच्या चाकात दाबून बसवण्यासारखे काहीच नसते, तरी अक्षरे टिकली. आंतरराष्ट्रीय मानकांत ‘इनसेट’ (धन) आणि ‘आउटसेट’ (ऋण) या संज्ञा आहेत. त्या अधिक निःसंदिग्ध असूनही दुकानांत कोणी वापरत नाही. उलट गॅरेजमधल्या बोलीत ‘ऑफसेट वाढवला’ म्हणजे चाक बाहेर काढले, असा नेमका उलटा अर्थही कानावर पडतो. म्हणून शब्दापेक्षा आकडा आणि त्याचे चिन्ह विचारणे बरे.

इंचांतल्या रुंदीच्या आकड्यापुढील (उदा. ‘७ जे’मधील) ‘जे’ हे अक्षर रिमच्या काठाचा आकार सांगते, रुंदी नव्हे. जे अक्षराच्या वळणावरून काठाला हे नाव पडले अशी एक समजूत आहे; परंतु बी, के ही अक्षरेही याच पद्धतीत आढळतात, त्यामुळे ते केवळ वर्गदर्शक अक्षर असावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. जे काठाची उंची सुमारे १७ मिमी. असते. इंचांचे अवशेष इतरत्रही आहेत : पाच नटांच्या चाकांत आढळणारे ११४.३ मिमी.चे नटवर्तुळ (नटांच्या मध्यांतून जाणारे वर्तुळ) म्हणजे सरळ साडेचार इंच.

मोटार खाली घेण्याच्या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत, साधारण १९४०च्या दशकात आहे. मागच्या डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंगांची वेटोळी कापून मोटारी खाली आणल्या जात. दुसरे मत शर्यतींकडे बोट दाखवते, कारण गुरुत्वमध्य खाली आणण्याचा लाभ शर्यतीच्या अभियंत्यांना त्याआधीपासून ठाऊक होता. दोन्ही प्रवाह स्वतंत्र असावेत आणि आजच्या हौसेत ते मिसळले असावेत, असे मानणे सयुक्तिक आहे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने मोटारीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या काठापेक्षा खाली येऊ नये असा नियम केला. त्याला उत्तर म्हणून रॉन अगिरे याने १९५९च्या सुमारास आपल्या मोटारीत हायड्रॉलिक पंप बसवले असे सांगितले जाते. हा नियम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला. त्या नियमातली गंमत अशी की टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम मोठी घेतली, तर रिमचा खालचा काठ जमिनीच्या अधिक जवळ येतो, म्हणजे नियमाची मर्यादाच खाली सरके. कायदा गेला तरी मोजमाप उपयोगी आहे : हवा जाऊन टायर बसला तर मोटारीचा कोणताही भाग जमिनीला टेकता कामा नये.

आकाराची निवड बाहेरच्या व्यासापासून सुरू होते. १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिमी., भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) टायरचा व्यास ३८१ अधिक दोनदा १२०.२५, म्हणजे ६२१.५ मिमी. १९५/५५ आर १६चा ६२०.९ मिमी. आणि २०५/४५ आर १७चा ६१६.३ मिमी. म्हणजे तिन्ही जवळपास सारखेच आणि स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. १९५/५० आर १६ घेतला तर व्यास ६०१.४ मिमी.वर येतो, काटा सुमारे ३ टक्के जास्त वेग दाखवतो आणि मोटार नकळत आणखी १० मिमी. खाली बसते. रिम एकेक इंच वाढते तशी टायरची भिंत कमी होते हे वेगळे सांगायला नको.

खरी गुंतागुंत रुंदी आणि ऑफसेट एकत्र बदलल्यावर सुरू होते. समजा, मूळ चाक ५.५ जे × १५, ईटी ४५ आहे आणि नवे ७ जे × १६, ईटी ३८. मूळ चाकाचा आतला काठ हबपासून ६९.८५ अधिक ४५, म्हणजे ११४.८५ मिमी.वर होता, नव्याचा ८८.९ अधिक ३८, म्हणजे १२६.९ मिमी.वर. बाहेरचा काठ २४.८५वरून ५०.९वर गेला. थोडक्यात, चाक आत १२ मिमी. आणि बाहेर २६ मिमी. सरकले. ‘ऑफसेट सातनेच कमी आहे’ हे वाक्य ऐकून विश्वास ठेवणाऱ्याला हे २६ मिमी. फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) काठाशी भेटतात.

कोरलेला आकडा पुसट असेल तर चाक दर्शनी बाजू खाली करून पोत्यावर ठेवतात, मागच्या काठावर पोलादी पट्टी आडवी धरतात आणि तिथून हबच्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजतात. ही खोली १४० मिमी. भरली आणि चाक ७ जेचे असेल, तर तीतून ८८.९ वजा करून ५१ काढण्याचा मोह होतो. हे चूक आहे. ७ इंच हे अंतर काठांच्या आतले. पट्टी टेकते ती काठांच्या बाहेर, जिथे एकूण रुंदी सुमारे ८ इंच असते. म्हणून वजा करायचे ते १०१.६, आणि उत्तर येते सुमारे ३८.

खाली घेतल्यावर पुढे आणि मागे वेगवेगळे घडते, हे हौशी मंडळींच्या फारसे ध्यानात येत नाही. पुढे बहुधा मॅक्फर्सन प्रकारची सस्पेन्शन रचना असते (मॅक्फर्सन याचे नाव रूढ असले तरी फियाटच्या विसाच्या दशकातील पेटंटमध्ये तिची पूर्वकल्पना असल्याचे दाखवले जाते). तीत हब शॉकच्या नळीलाच बोल्टने जखडलेला असतो. त्यामुळे उंची कितीही बदलली तरी टायर आणि नळी यांमधले अंतर तेवढेच राहते. बदलतो तो कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल. खालचा आर्म नळीशी काटकोनात येईपर्यंत चाकाचा माथा आत कलतो, त्यानंतर ही वाढ थांबते. ६२० मिमी. व्यासाच्या टायरला एक अंश कल म्हणजे माथा हबमध्याच्या मानाने सुमारे ५ मिमी. आत. मागच्या टॉर्शन बीमला (दोन्ही चाके जोडणाऱ्या, पीळ घेणाऱ्या तुळईला) मात्र अशी सवलत नाही. चाक सरळ वर जाते आणि बाहेर आलेला टायर थेट कमानीच्या दुमडलेल्या पत्र्याला लागतो. त्यामुळे चारही चाके एकाच ईटीची घेतली तरी घासण्याची तक्रार आधी मागून येते. समायोज्य कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेला, उंची बदलता येणारा संच) बसवल्यास स्प्रिंगचे खालचे बशीवजा आसन टायरच्या खांद्याजवळ उतरते. तिथे बोट शिरत नसेल तर निवड फसली असे समजावे.

ऑफसेट कमी केला की स्टिअरिंगचा फिरण्याचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो त्या बिंदूपासून टायरचा मध्य बाहेर जातो. १९७२च्या आउडी ८०मध्ये हे अंतर मुद्दाम ऋण ठेवले होते, म्हणजे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी मोटार भरकटू नये. हब आणि चाक यांमध्ये घातलेली २० मिमी.ची चकती, म्हणजे स्पेसर, ही योजना उधळून लावते; शिवाय बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टड तेच ठेवले तर नटाला आटे कमी मिळतात. मधल्या भोकाचाही विचार हवा : हबचा व्यास ५४.१ मिमी. आणि चाकाचे भोक ७३.१ मिमी. असेल तर दोहोंमध्ये मापाची रिंग लागते.

नाशिकमध्ये या विषयाला सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे वेगळी पार्श्वभूमी आहे. महिंद्रा, बॉश आणि सिएटचे कारखाने असलेल्या या शहरात व्हर्नियर (सूक्ष्म मापे घेण्याचे साधन) हाताळलेला माणूस शेजारीच सापडतो. खाली घेतलेल्या मोटारीची कसोटी लागते ती गतिरोधकांवर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या शिफारशीत गतिरोधक ३.७ मी. रुंद आणि १० सेंमी. उंच असावा असे होते. १६३ मिमी. तळउंचीची हॅचबॅक ४० मिमी. खाली घेतली तर कागदावर १२३ मिमी. उरतात, पाच माणसे बसवून त्र्यंबकेश्वरला निघाले की त्यातलेही कमी होतात, आणि गल्लीतले हातघाईने घातलेले उंचवटे कोणत्याच शिफारशीत बसत नाहीत. म्हणून घासण्याची तपासणी रिकाम्या मोटारीत न करता माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून करावी. कसारा घाटातील वळणावर बाहेरचे चाक कमानीत जितके वर जाते तितके ते गॅरेजच्या सपाट फरशीवर कधीच जात नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत निर्मात्याने दिलेल्या मापापर्यंत थांबणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग.

पावसाळ्यात रुंद रिमच्या आतल्या बाजूस काळ्या मातीचा चिखल साचून वाळतो आणि ताशी ८० किमी.च्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागते. ऑफसेट किंवा अलाइनमेंटला दोष देण्याआधी चाक आतून धुऊन पाहतात.