हिस्टरी उडवली तरी ते नंबर जात का नाहीत?

परवा भाचीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायला झेरॉक्सच्या दुकानात बसलो होतो, मोबाईलच्या चौकटीत नुसतं ९८ टाकलं तर खाली सात-आठ अनोळखी लोकांचे नंबर उघडले, ईमेलच्या चौकटीतही तेच. दुकानदार म्हणाला, "काका, हिस्टरी मी रोज उडवतो की." खोटं बोलत नव्हता बिचारा, पण हिस्टरी वेगळी आणि हे वेगळं.

होतं काय, आपण फॉर्म सबमिट केला की ब्राउझर चौकटीतलं लिखाण एका छोट्या डेटाबेस फाईलमध्ये टाकून ठेवतो. क्रोममध्ये तिचं नाव 'वेब डेटा', फायरफॉक्समध्ये 'फॉर्महिस्टरी'. आत साधा तक्ता असतो, चौकटीचं नाव, काय लिहिलं, कितीदा वापरलं, शेवटचं कधी. साईटचा रकानाच नाही! त्यामुळे कॉलेजच्या फॉर्ममध्ये चौकटीला आतून 'मोबाईल' नाव दिलेलं असेल आणि गॅस बुकिंगच्या साईटवरही तेच असेल, तर इकडचा नंबर तिकडे हजर. एक बरंय, आपण यादीतलं काही निवडत नाही तोवर साईटला त्यातलं काहीच कळत नाही, शेजारी बसलेल्याला मात्र अख्खी यादी दिसते.

फायरफॉक्स कार्डाचे नंबर साठवायचं टाळतो, आणि कार्ड ओळखतो कसा तर आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्या गणितावरून, ज्याच्या पेटंटसाठी त्यांनी १९५४ सालीच अर्ज केला होता. उजवीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, ९ च्या वर गेला तर त्यातून ९ वजा, आणि सगळ्यांची बेरीज १० ने भागली गेली तर नंबर कार्डाचा असू शकतो. आपल्या आधारचा शेवटचा आकडा मात्र व्हरहोफ नावाच्या वेगळ्याच पद्धतीने निघतो, त्यामुळे तो या चाळणीत अडकेलच असं नाही. म्हणून सायबर कॅफेत आधार टाकताना प्रायव्हेट विंडो उघडलेली बरी, तिथलं लिखाण या तक्त्यात जात नाही.

एकच नोंद काढायची असेल तर बाणाने खाली तिच्यावर जायचं आणि शिफ्ट-डिलीट दाबायचं, झालं. सगळंच साफ करायचं तर कंट्रोल-शिफ्ट-डिलीट, तिथे वेळ 'ऑल टाईम' करा (नाहीतर कधीकधी शेवटचा एक तासच पुसला जातो) आणि ऑटोफिलवर, म्हणजे फॉर्म डेटावर, टिक करा. पासवर्डची टिक वेगळी असते, तिला घाईत हात लावू नका.

गूगलच्या सर्चमध्ये घड्याळाच्या चिन्हासकट येतात ते जुने सर्च बहुतेक तुमच्या अकाउंटमधून, म्हणजे सर्व्हरवरून आलेले असतात, ते अकाउंटच्या 'माय अ‍ॅक्टिव्हिटी' पानावर जाऊन काढता येतात.

दुकानदाराला सगळं करून दाखवलं, यादी गेली. त्यात त्याचा दुकानाचा ईमेलही गेला, जो तो रोज दोन अक्षरं टाकून भरायचा. आता एकेक अक्षर शोधत टाईप करतो आणि मधूनच माझ्याकडे बघतो.