एसटीडीचे दर उतरले कसे: पार्श्वभूमी

कानपूर-लखनौ दरम्यान 1960 साली देशातली पहिली एसटीडी, म्हणजे ऑपरेटरविना थेट नंबर फिरवून लावायचा परगावचा कॉल, सुरू झाली. तरी पुढे कितीतरी वर्षं बहुतेक गावांच्या नशिबी ऑपरेटरकडे नोंदवायचा ट्रंक कॉलच होता: घाईनुसार ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग. आजच्या दरांचं मूळ मात्र त्यानंतरच्या, पिवळ्या पाट्यांच्या बूथच्या काळात आहे.

बूथमधल्या मीटरवरचे लाल आकडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना पल्स म्हणजे काय हे सांगायला नको. पल्स म्हणजे मीटर एकदा पुढे सरकेपर्यंतचा वेळ. एका पल्सची किंमत ठरलेली असे, अंतर वाढलं की पल्सची लांबी घटे. हजार किलोमीटरच्या पुढे ती काही सेकंदांवर येई आणि बोलणाऱ्याची नजर मीटरवरून हलत नसे. रात्री 11 नंतर पाव दर लागे, म्हणून बूथवर खरी गर्दी तेव्हाच व्हायची. कामगार, होस्टेलमधली मुलं, सुट्टी न मिळालेले जवान रांगेत उभे असत.

एवढा दर अंतरामुळे नव्हता. मायक्रोवेव्ह आणि पुढे ऑप्टिकल फायबर आल्यावर लांबच्या कॉलचा खर्च झपाट्याने उतरला होता. दर चढे ठेवले होते ते घरगुती फोनचं भाडं आणि लोकल कॉल स्वस्त राहावेत म्हणून. एसटीडी आणि आयएसडीच्या, म्हणजे परदेशी कॉलच्या, कमाईतून लोकलची तूट भरून निघत होती.

दूरसंचार नियामकाने (ट्राय) 1999 मध्ये ही घडी मोडायला घेतली. लांबचे कॉल टप्प्याटप्प्याने स्वस्त करायचे आणि भाडं खर्चाच्या जवळ न्यायचं, असा तो आदेश होता. त्यावर मोठा गदारोळ झाला. सामान्य माणसाचा फोन महाग करून व्यापाऱ्यांची एसटीडी स्वस्त करताय, हा मुख्य आक्षेप. ग्रामीण एक्स्चेंज तोट्यात चालतात, त्यांचा पैसा कुठून येणार, हा दुसरा. दुसरा आक्षेप रास्तच होता. पहिला मात्र अर्धवट होता, आणि ते तेव्हा पुरेसं बोललं गेलं नाही. स्वस्त भाड्याचा लाभ ज्याच्या घरी फोन आहे त्याला मिळत होता. ज्याच्या घरी फोनच नाही, तो बूथवर पूर्ण दराने एसटीडी करून ती सवलत भरत होता. नाशिकच्या कारखान्यातून बिहारमधल्या गावी शेजाऱ्याच्या फोनवर निरोप देणारा मजूर शहरातल्या फोनमालकाचं बिल हलकं करत होता. याला गरिबांची बाजू कशी म्हणायची?

हजार किलोमीटरपलीकडचा गर्दीच्या वेळचा दर त्या आदेशाने मिनिटाला 30 रुपयांवर आला, 2000 मध्ये 24 वर आणि खासगी कंपन्या उतरताच जानेवारी 2002 मध्ये थेट 9 रुपये 60 पैशांवर. तुटीचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. 2003 मध्ये ती भरून काढायला कॉलवर वेगळा अधिभार आला. परदेशातून येणाऱ्या कॉलवर तो जड होता, त्यामुळे असे कॉल लोकल भासवणारी बेकायदा एक्स्चेंज फोफावली. 2008 मध्ये हा अधिभार जवळपास पूर्ण उठला.

एव्हाना मोबाइलने सगळंच बदललं होतं. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल (दूरसंचार सेवेची क्षेत्रं) असूनही 2005 पासून त्यांच्यातले मोबाइल कॉल राज्यांतर्गत धरले जाऊ लागले. 2006 मध्ये देशभर एक रुपया मिनिट, 2009 मध्ये सेकंदाला एक पैसा, 2016 नंतर पॅकमध्येच अमर्याद कॉल. एका कंपनीने दुसरीला द्यायचा कॉल-आकारही 1 जानेवारी 2021 पासून शून्य झाला.

कोणाचा खर्च कोण भरतो, हा प्रश्न आता डेटाच्या बाबतीत आला आहे. साधा फोन वापरणाऱ्यालाही नको असलेल्या डेटासकट पॅक घ्यावं लागत होतं. फक्त कॉल आणि एसएमएससाठी वेगळं रिचार्ज द्यावं, असा नियम नियामकाने डिसेंबर 2024 मध्ये केला.