स्कीचालकामुळे सुटणारे हिमस्खलन

राखलेल्या स्की-मार्गांबाहेरच्या डोंगरउतारावर स्कीचालकाच्या भाराने सुरू होणारे हिमस्खलन. हे बहुतेक वेळा स्लॅब प्रकारचे असते : वरचा घट्ट, सलग हिमथर खालच्या कमकुवत थरावरून सुटतो आणि लादीसारखा तुटून घसरतो. उतार सहसा ३० ते ४५ अंशांचा असतो. प्राणघातक घटनांपैकी सुमारे ९० टक्के घटनांत स्खलन बळी पडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यांनीच सुरू केलेले असते.

कमकुवत थर मुख्यतः दोन प्रकारे तयार होतो. निरभ्र रात्री हिमाच्या पृष्ठभागावर बाष्पाचे स्फटिक जमतात व पुढच्या हिमवृष्टीखाली गाडले जातात. किंवा जमीन आणि हवा यांच्या तापमानातील फरकामुळे हिमाच्या आतच सुटे, टोकदार कण वाढतात.

कमकुवत थरातील तडा नेमका कसा पसरतो, याबद्दल मतभेद आहेत. हिमस्खलनाचे अभ्यासक मॅक्क्लंग यांनी १९७९ मध्ये कर्तन प्रतिबलावर, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून सरकवू पाहणाऱ्या ताणावर, आधारित उपपत्ती मांडली. तिच्यानुसार उताराच्या दिशेने पडणारा ताण निर्णायक ठरतो. मात्र सपाटीवर चालणाऱ्याच्या पायाखाली हिम ‘धप्प’ असा आवाज करून खचते आणि दूरचा उतार सुटतो, याचा उलगडा तिच्यातून नीट होत नाही. हायर्ली, गुम्बश व झायझर यांनी २००८ मध्ये कमकुवत थराच्या ढासळण्याला महत्त्व दिले. थर खचला की वरची लादी वाकते आणि तडा पुढे सरकतो. त्यामुळे सपाटीवरही तो सुरू होऊ शकतो. त्रोते, गोम व सहकाऱ्यांच्या २०२२ मधील अभ्यासानुसार तीव्र उतारावर आरंभ ढासळण्याने होतो आणि काही अंतरानंतर तडा कर्तनाने अतिवेगाने धावतो. दोन्ही निरीक्षणे सामावून घेणारी ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

गाडल्या गेलेल्यांचा मृत्यू प्रामुख्याने गुदमरून होतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील आकडेवारीत गाडले गेल्यापासून १५ मिनिटांपर्यंत जगण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होते, ३५ मिनिटांनी ते सुमारे ३० टक्क्यांवर आले. २०२४ च्या विश्लेषणात पहिली मर्यादा १० मिनिटांपर्यंत खाली आली आहे. म्हणूनच बाहेरून येणाऱ्या पथकापेक्षा जवळच्या सोबत्यांनी केलेला शोध मोलाचा ठरतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ संदेश-प्रक्षेपक (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा रेडिओ-संकेतांनी शोधण्याचे उपकरण), शोधकाठी व फावडे असणे आवश्यक आहे.

भारतात असा धोका मुख्यतः काश्मीरमधील गुलमर्गच्या अफरवात उतारांवर आढळतो. गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या पाळण्याने) थेट उंचावर पोहोचून स्कीचालक तेथून राखलेल्या मार्गांबाहेर उतरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये येथील स्खलनात एका रशियन स्कीचालकाचा मृत्यू झाला.