यंत्रणा बदलताना भोंगा उगाच वाजला, तर काय करायचे?

आपल्या जिनिंग-प्रेसिंगमधली आगीची सूचना देणारी यंत्रणा बदलायचे काम आम्ही, ती बसवणारे, हंगाम संपल्यावर घेतो. रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे, थांबलेले असतात, पण गोदामात रुईच्या दाबलेल्या गठाणी असतात, सरकीचा ढीगही असतो. काम आठ-दहा दिवस चालते. तेवढे दिवस भिंतीवर जुने आणि नवे अशी दोन पॅनेल (सगळे डिटेक्टर आणि भोंगा जोडलेले डबे) असतात आणि भोंगा नको तेव्हा वाजतो. चार वेळा वाजला की कोणालाही तो बंद करावासा वाटतो. कळकळीची विनंती आहे, पूर्ण यंत्रणा बंद करू नका. गावापासून दूर असलेल्या जिनिंगला अग्निशमनची गाडी तालुक्याहून यायला वेळ लागतो. तोवर जे करायचे ते आपल्याच माणसांना करायचे असते.

धुराच्या डिटेक्टरमध्ये एक छोटी अंधारी डबी असते. तिच्यात धूर शिरला की प्रकाश विखुरतो आणि भोंगा वाजतो. रुईची धूळ शिरली तरी तेच होते. एका जिनिंगमध्ये आम्ही डिटेक्टर उघडला, तर जाळीवर रुईचा थर असा बसला होता की नखाने सोलून काढावा लागला. तिथल्या भोंग्यात कोणीतरी बारदान्याचा तुकडा कोंबला होता. आग लागली नव्हती, पण लागली असती तर प्रेसवरच्या माणसाला कळले कसे असते?

दुसरे कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात टिनाखाली हवा इतकी तापते की सत्तावन्न-अठ्ठावन्न अंशांना वाजणारा उष्णतेचा डिटेक्टर तिथे चालत नाही. त्या जागी आम्ही जास्त अंशांचा लावतो.

पॅनेलवर लाल दिवा म्हणजे आग, पिवळा म्हणजे बिघाड. वायर उंदराने कुरतडलेली असते, किंवा लाइन गेल्यावर बॅटरी तग धरत नाही. पिवळ्याकडे दुर्लक्ष करू नका. वायर तुटली असेल तर तुटल्या जागेच्या पुढचे डिटेक्टर आंधळे झालेले असतात.

भोंगा वाजला की आधी जागेवर जाऊन बघा, आवाज नंतर थांबवा. डिटेक्टरच बिघडलेला निघाला, तर फक्त तेवढा झोन, म्हणजे पॅनेलवर एकत्र जोडलेला तेवढाच भाग, बंद करायचा, तोही आमच्या माणसाने किंवा आपल्या फोरमननेच. कोणता झोन, किती वाजता, कोणी बंद केला आणि कधी चालू केला, हे रजिस्टरमध्ये लिहा. झोन बंद असेपर्यंत तिथे एक माणूस फिरता ठेवा. त्याला दुसरे काम देऊ नका. त्याने डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवावा. कापसाची आग आत धुमसते. 170 किलोच्या गठाणीत ठिणगी दाबली गेली, तर बाहेरून काही दिसत नाही आणि ती काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. जळका वास आला की लगेच 101 लावा.

वेल्डिंग किंवा सफाई करायची असेल तर आम्हाला आधी सांगा. त्या भागातल्या डिटेक्टरवर आम्ही प्लास्टिकची टोपी चढवतो. सकाळी किती चढवल्या ते लिहून ठेवतो आणि संध्याकाळी तेवढ्याच मोजून काढतो. हा हिशेब फोरमनने आमच्याबरोबर उभे राहून करावा, कारण राहिलेली एक टोपी कोणाच्या लक्षात येत नाही.

चाचणीची वेळ आम्ही आदल्या दिवशी कळवू. ती हमालांना आणि बाहेरगावच्या मजुरांनाही त्यांच्या भाषेत सांगा. त्या वेळेबाहेर भोंगा वाजला, तर ती खरी आग समजून, जागेवर बघायला जाणारा सोडून बाकी सगळ्यांनी बाहेर पडायचे.

नव्या पॅनेलवरचा प्रत्येक डिटेक्टर धूर देऊन तपासल्याशिवाय आम्ही जुने पॅनेल काढत नाही. त्यात दोन दिवस जास्त गेले तरी चालतील. विमा कंपनीला कामाच्या तारखा पत्राने कळवा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा नीट चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे जुलैच्या आत काम पुरे करणे बरे.

आमचा नंबर पॅनेलच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. रात्री दोन वाजता पिवळा दिवा लागला तरी फोन करा, आम्ही उचलतो.