तुटक वाक्यांनी ताण वाढतो, हा समज चुकीचा

कादंबरीत ताण हवा तर वाक्यं तुटक करा आणि ‘भयाण’, ‘काळाकुट्ट’ अशी विशेषणं पेरा, असं नवोदितांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची भयकादंबरी ‘ड्रॅक्युला’ उघडून बघा. काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्याकडे कामासाठी निघालेल्या जोनाथन हार्कर या तरुण वकिलाची रोजनिशी सुरू होते ती गाडीच्या वेळांनी: म्युनिकहून रात्री ८.३५ला निघालो, व्हिएन्नाला ६.४६ला पोचायला हवं होतं, गाडी तासभर उशिरा. मग तिखट कोंबडीची कृती वाग्दत्त वधू मीनासाठी मिळवायची, ही नोंद. इथवर भीतीचा मागमूस नाही, आणि म्हणूनच या नेमस्त माणसाच्या डोळ्यांवर आपला विश्वास बसतो. पुढे तो दाढी करत असताना काउंट मागून खांद्यावर हात ठेवतो. आरशात मागची अख्खी खोली दिसते, काउंट दिसत नाही. हार्कर दचकतो, वस्तरा लागतो, हनुवटीवर रक्त ओघळतं. भारी विशेषणांची गरजच पडत नाही.

ड्रॅक्युला ज्यातून लपून इंग्लंडला जातो त्या ‘डिमीटर’ जहाजाची नोंदवही याहून कोरडी: तारीख, हवामान, आणखी एक खलाशी बेपत्ता. जहाजावर कोण आहे याचा अंदाज वाचकाला आहे, कप्तानाला नाही. ताण येतो तो या अंतरातून. स्टोकर इतरत्र विशेषणं सढळ हाताने वापरतो, पण माझ्या मते पुस्तकातली सर्वांत भेदक पानं हीच.