दोन कॉपी आहेत ना, मग तिसरा सर्व्हर कशाला?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या बऱ्याच कंपन्यांचं ईआरपी, म्हणजे स्टॉक-हिशोबाचं सॉफ्टवेअर, आता क्लाउडवर गेलंय आणि एकदा गेलं की सगळे निवांत, आता डेटा कुठं जातोय! पण क्लाउड म्हणजे शेवटी मुंबईत नाहीतर पुण्यात रॅकमध्ये बसलेले सर्व्हरच, आणि त्यांच्या डिस्कही आपल्यासारख्याच मरतात. फक्त किती मेलं तरी काम चालू राहायला हवं हे तिथं आधीच ठरवता येतं, त्यालाच स्टोरेज पॉलिसी म्हणतात.

व्हीएमवेअरचं व्हीसॅन घ्या, बऱ्याच सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून एकच स्टोरेज बनवणारं सॉफ्टवेअर. एफटीटी (किती बिघाड सोसायचे तो आकडा) 1 ठेवलं की एक होस्ट, म्हणजे एक सर्व्हर, गेला तरी व्हीएम, म्हणजे त्यावर चालणारा आभासी संगणक, चालू राहते. साधा मार्ग मिररचा, 100 जीबी डेटाच्या दोन कॉपी दोन होस्टवर, म्हणजे 200 जीबी. तरी होस्ट कमीत कमी 3 लागतात आणि इथंच लोक व्हेंडरशी वाद घालतात. तिसऱ्यावर डेटा नसतोच, असतो विटनेस, जरासा मेटाडेटा (डेटाबद्दलची माहिती) आणि एक मत. कारण समजा दोन होस्टमधलं नेटवर्कच तुटलं, दोघं जिवंत, पण दोघांनाही वाटतंय समोरचा मेला, आणि दोघांनी लिहायला घेतलं तर एकाच स्टॉकचे दोन हिशोब तयार होणार, खरा कुठला ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ज्याच्याकडे निम्म्यापेक्षा जास्त मतं तोच लिहिणार. भावाभावांच्या बांधाच्या भांडणात तिसरा लागतो तसंच हे.

दुप्पट जागा परवडत नसेल तर रेड 5, म्हणजे पूर्ण दुसरी कॉपी न ठेवता डेटा वाटून ठेवायची पद्धत. व्हीसॅनच्या मूळ रचनेत 4 होस्ट, तीनांवर डेटा, एकावर पॅरिटी (हरवलेलं परत काढायला ठेवलेले जास्तीचे बिट), 100 जीबीला साधारण 133. समजा तीन बिट आहेत 1, 0, 1. पॅरिटी अशी निवडायची की एकूण एक्के सम यावेत, म्हणजे इथं 0. आता मधला होस्ट गेला, उरले 1, 1 आणि पॅरिटी 0, एक्के आधीच सम आहेत म्हणजे हरवलेला बिट 0 च होता. एवढंच गणित आहे, मला तरी हे फार आवडतं. किंमत अशी की छोटं काही बदलायचं तरी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नवीन लिहा, चार कामं. दोन होस्ट एकदम गेले तरी चालायला हवं असेल तर रेड 6, त्याला 6 होस्ट आणि 150 जीबी.

आणखी एक, होस्ट गप्प झाला की व्हीसॅन लगेच नवीन कॉपी बनवत नाही, डिफॉल्ट 60 मिनिटं थांबतं, न जाणो नुसता रीस्टार्ट असेल. तेवढ्या वेळात एफटीटी 1 वाल्याचा दुसरा होस्ट गेला तर व्हीएम बंद. आणि क्लस्टर, म्हणजे सगळ्या होस्टचा गट, तीनच होस्टचा असेल तर तासानंतरही कॉपी बनवायला चौथी जागाच नाही, तो होस्ट परत येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं.

आणि हे सगळं हार्डवेअर मरण्यासाठी हां. अकाउंट्समधून कोणी मार्चचं लेजर डिलीट केलं तर ते सगळ्या कॉपींमधून एकदमच जातं, तिथं बॅकअपच लागतो, तोही शक्यतो दुसऱ्या शहरात, ॲमेझॉनवर असाल तर मुंबईचा हैदराबादला ठेवता येतो, 2022 पासून तिथंही त्यांचं रीजन, म्हणजे डेटा सेंटरचा गट, आहे.