व्हॅनचा ऑइल फिल्टर: घड्यांच्या कागदाची करामत

गोव्यातल्या डिचोली, उसगाव, सत्तरी या भागात शाळेची पोरं नाहीतर बाजारचा माल वाहणाऱ्या व्हॅनचा एअर फिल्टर काढून झटकला, की लाल भुकटी खाली पडते. ही जांभ्याची धूळ. तिच्यात लोखंडाची ऑक्साइडं असतात आणि क्वार्ट्झचे कणही. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक ७. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ज्या बेअरिंगांवर फिरतो, त्यांचा वरचा थर याच्यापुढे अगदीच मऊ. एअर फिल्टर बहुतेक धूळ अडवतो, पण सगळी नाही. निसटलेली धूळ सिलिंडरमध्ये जाते, पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. तिथून पुढचं काम ऑइल फिल्टरचं.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चालत्या इंजिनात बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये, जिथे भार सर्वात जास्त, तिथे ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. एक मायक्रॉनचा कण त्यातून सहज पार होतो. केसाएवढा कण बहुधा त्या फटीत शिरतच नाही. खरा घात करतात ते मधले, ५ ते २० मायक्रॉनचे. ते ऑइलच्या थरापेक्षा थोडे मोठे असल्याने दोन्ही पृष्ठभागांना एकदम खरवडत जातात. खरवडताना धातूचे नवे कण सुटतात, आणि तेही ऑइलबरोबर फिरू लागतात.

जुना फिल्टर एकदा तरी उघडून पाहावा. करवत लावू नये. तिचा कीस आत पडतो आणि फसगत होते. पत्रा कापायच्या चाकाच्या कटरने तोंडाकडची कड कापली की आतली कागदाची घडीदार नळी बाहेर येते. मुठीत मावेल एवढ्या डब्यात घड्या घालून मोठ्या तावाएवढा कागद बसवलेला असतो. एक पट्टी कापून घ्या, पक्कडीत दाबून ऑइल काढा आणि उन्हात तिरकी धरा. घडीच्या तळाशी काळा लगदा दिसेल आणि त्यात बारीक चमक. चुंबकाला चिकटते ती चमक लोखंडाची किंवा पोलादाची. न चिकटणारी पिवळसर किंवा पांढरी असेल, तर बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी.

हा कागद म्हणजे पिठाची चाळण नव्हे. चाळणीत भोकं एकसारखी असतात, इथे तंतूंचा अस्ताव्यस्त गुंता असतो. ऑइल डब्याच्या कडेच्या बारीक भोकांतून आत येतं, कागदातून पार होतं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनात परततं. वळणावळणाच्या या वाटेत फटीपेक्षा लहान कणही तंतूला टेकतात आणि तिथेच चिकटून राहतात. अडकलेल्या मळामुळे वाट अरुंद होते, म्हणून थोडा वापरलेला फिल्टर काही काळ नव्यापेक्षाही बारीक गाळतो. आणि म्हणूनच पाकिटावर नुसते ‘२० मायक्रॉन’ छापलेले असेल तर त्यावर माझा विश्वास बसत नाही. त्या आकाराचे शंभरातले किती कण अडतात, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

मळ साठत गेला की कागद ऑइलची वाट अडवू लागतो. तेव्हा काय करायचं? इंजिनाला ऑइल क्षणभरही तोडून चालत नाही. म्हणून फिल्टरमध्येच किंवा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये स्प्रिंगचा एक बायपास व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. कोरड्या इंजिनापेक्षा घाण ऑइल बरं, हा हिशेब अगदी बरोबर आहे. पण ड्रायव्हरला यातलं काही कळत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. गाडी नेहमीसारखीच पळते आणि आत झीज वाढते. ऑइलबरोबर फिल्टरही बदला, असा मेस्त्रींचा आग्रह असतो तो याचसाठी.

ऑइल काळं झालं म्हणजे फिल्टर वाया गेला, हा मात्र गैरसमज आहे. काजळीचे कण मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते गोळा होऊ नयेत म्हणून ऑइलमध्ये रसायनं घातलेली असतात. कण फिल्टरमधून आरपार जातात आणि ऑइल काळं दिसतं. पाणीही हा कागद अडवत नाही. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बरंचसं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांपासून खाली झिरपतं. पावसाळ्यात शाळेच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि ते पाणी ऑइलमध्येच राहतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते ती त्याची. त्यावर खात्रीचा इलाज म्हणजे ऑइल वेळेत बदलणं.

बदलताना सर्वात मोठा धोका असतो रबरी रिंगचा. जुना फिल्टर निघतो, पण त्याची रिंग कधीकधी ब्लॉकला चिकटून मागे राहते. ती न बघता नवा फिल्टर चढवला की रिंगवर रिंग बसते. इंजिन चालू झाल्यावर दाब दर चौरस सेंटिमीटरला काही किलोंवर जातो, ऑइलने ओली झालेली रबरं एकमेकांवरून सटकतात आणि सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर. म्हणून बैठक फडक्याने पुसून बोट फिरवून बघायची. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, म्हणजे आवळताना रबर पिळवटत नाही. ‘हातानंच आवळ रे, पाना नको,’ असं मेस्त्री पोरांना सांगतात. रिंग टेकल्यावर बहुतेक फिल्टरना सुमारे पाऊण फेरा पुरतो. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो. पुढचं काम दाबलेल्या रबराची उसळीच करते.

काढलेल्या फिल्टरमध्ये वाटीभर तरी ऑइल असतं. तो रात्रभर उपडा ठेवून निथळू द्यावा. जांभा सच्छिद्र आहे; अंगणात ओतलेलं ऑइल पावसाबरोबर विहिरीकडे जातं. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, ते परवानाधारक संकलकालाच द्यायचं. त्यातले मूळ तेलाचे रेणू बहुतांशी शाबूत असतात. निर्वातात ऊर्ध्वपातन करून पाणी, मळ आणि जुनी रसायनं काढली, की त्याच तेलापासून पुन्हा इंजिन ऑइल बनवता येतं.